शेल्टरमधलं कुत्रं घरी आणायचंय: आधी फोस्टर की थेट दत्तक? (कोल्हापूर)

राजारामपुरीकर

नमस्कार मंडळी. शहराजवळच्या एका निवाऱ्यातून प्राणी घरी आणायचा विचार पक्का आहे, पण फोस्टर (म्हणजे ठरावीक मुदतीपुरतं घरी सांभाळणं) करावं की सरळ दत्तक घ्यावं यावर घरात एकमत नाही. निवाऱ्यात सध्या दोन पर्याय आहेत. अडीच महिन्यांची दोन गावठी पिल्लं, भाऊ-बहीण. आणि साधारण तीन वर्षांची नसबंदी झालेली कुत्री, अपघातानंतर मागच्या पायात रॉड टाकलाय.

आमची परिस्थिती अशी: राजारामपुरीत दुसरा मजला, लिफ्ट नाही, भाड्याच्या दोन खोल्या आणि गॅलरी, गच्ची सामायिक. आम्ही दोघं नऊ ते सहा बाहेर, आई (वय ६८) घरी असते, मुलगी सात वर्षांची. घरात चार वर्षांचा बोका आधीपासून आहे.

फोस्टर म्हणजे जबाबदारी नेमकी कुठपर्यंत, खर्च कुणाचा, घरात काय तयारी लागते आणि पहिल्या पंधरा दिवसांत काय बिघडतं, हे जाणकारांनी सविस्तर सांगावं.

---

भटक्यांची_मावशी

तुम्ही परिस्थिती नीट लिहिलीत, त्यामुळे उत्तर स्पष्ट देता येतं. तुमच्या घरासाठी मोठी कुत्री, आणि तीही आधी फोस्टर म्हणून. दोन पिल्लं एकत्र तर अजिबात नको.

कारण सांगते. अडीच महिन्यांच्या पिल्लाला जागेपणी दर दोन तासांनी, शिवाय झोपून उठल्यावर आणि खाल्ल्यावर शू-शीसाठी ठरलेल्या जागी न्यावं लागतं. तुम्ही बाहेर असताना हे सगळं आईंवर येणार. लस पूर्ण झालेली नसल्यामुळे पिल्लांना रस्त्यावरच्या जमिनीवर सोडता येत नाही, म्हणजे जागा गॅलरीतच करावी लागणार. त्यात भावंडं एकत्र वाढली की एकमेकांतच रमतात. माणसाचं ऐकायला शिकणं मागे पडतं, आणि एकाला जरा बाजूला नेलं की दुसरं किंचाळतं. पिल्लं घ्यायचीच असतील तर एक तुम्ही, दुसरं वेगळ्या घरात.

कुत्रीबद्दल मात्र निवाऱ्याला आधी हे विचारा: ऑपरेशन कोणत्या तारखेला झालं, शेवटचा एक्स-रे कधी काढला, हाड जुळलंय असं डॉक्टरांनी लिहून दिलंय का. हाड जुळायला साधारण सहा ते बारा आठवडे लागतात. त्या काळात जिने, उड्या आणि गुळगुळीत फरशी तिन्ही बंद ठेवायला लागतं. अजून तो काळ संपला नसेल तर दुसऱ्या मजल्यावरून दिवसातून तीन-चार वेळा तिला उचलून न्यावं लागेल. आपल्याकडची गावठी कुत्री सहज पंधरा किलोच्या पुढे भरते. आईंना ते जमणार नाही. हाड जुळलं असेल तर जिने चालतात, पण पहिले काही दिवस पोटाखालून जुन्या टॉवेलची झोळी घेऊन मागचा भाग थोडा उचलून धरा. घरातल्या फरशीवर पाय घसरू नये म्हणून तिच्या ये-जा करायच्या वाटेवर सुती सतरंजी किंवा गोणपाट अंथरा.

आता फोस्टर आणि दत्तक यांतला फरक. फोस्टरमध्ये प्राण्याची मालकी निवाऱ्याकडेच राहते, तुम्ही ठरावीक मुदतीसाठी घर देता. दत्तक घेतलं की मालक तुम्ही, आयुष्यभर. फोस्टर म्हणजे 'जमेल तेवढं सांभाळू' असं लोक धरतात आणि तिथेच भांडणं सुरू होतात. म्हणून एक पानी कागद करून घ्या, त्यावर दोन्हीकडच्या सह्या हव्यात. मुदत किती, खाणं, औषध आणि लस यांचा खर्च कोण करणार, कोणत्या डॉक्टरकडे न्यायचं, रात्री अचानक काही झालं तर फोन कुणाला, आणि निवाऱ्याची परवानगी न घेता किती रुपयांपर्यंत उपचार सुरू करता येतील, दत्तक घेणारं घर कोण शोधणार आणि तुमचं मत विचारलं जाणार का, तुम्हालाच ठेवून घ्यावंसं वाटलं तर पहिला हक्क तुमचा का, परत द्यायची वेळ आली तर किती दिवस आधी कळवायचं. यातला रात्रीच्या फोनचा मुद्दा बहुतेक कागदांत सुटलेला असतो आणि गरज त्याचीच पडते. तिसऱ्या माणसाकडे प्राणी परस्पर सोपवायचा नाही, ही अट निवारा घालेल. ती योग्यच आहे.

प्राण्यासोबत त्याचं कार्ड घ्या. त्यावर लसीच्या बाटलीचं स्टिकर आणि तारीख, जंताच्या औषधाचं नाव आणि तारीख, आजचं वजन आणि नसबंदीची तारीख हवी. कानाला व्ही आकाराची खाच असली तर नसबंदी झाल्याची खूण, पण खाच आहे म्हणून रेबीजची लस यंदाची आहे असं समजू नका. आणखी एक प्रश्न तोंडावर विचाराच: मागच्या दहा दिवसांत हिने कुणाला चावा घेतलाय का? घेतला असेल तर दहा दिवसांची देखरेख पूर्ण होईपर्यंत तिला हलवायचं नाही.

घरात एक कोपरा फक्त तिचा ठेवा. शक्यतो गॅलरीच्या दाराशेजारचा, जिथून माणसांची सतत ये-जा नाही असा. गॅलरीच्या गजांमधून डोकं जात असेल तर अंगही जातं, तेव्हा खालपासून चार फूट जाळी मारून घ्या. सामायिक गच्चीवर पट्ट्याशिवाय सोडू नका, कठड्यावरून खाली पडण्याचे प्रकार होतात. उंदराचं औषध, फिनेल, मोबाईलचे चार्जर, मुलीचे रबर आणि हो, कोल्हापुरी चपला: सगळं उंचावर. कातड्याच्या वासाने नवं कुत्रं सर्वात आधी चपलेकडेच जातं.

आणायचं ते सकाळी, आणि तुम्हा दोघांना पुढचे दोन-तीन दिवस सुट्टी असेल अशा वेळी. गाडीत आणि जिन्यावर गळ्यातला पट्टा आणि छातीचा हार्नेस, दोन्हीला वेगवेगळी दोरी. घाबरलेलं कुत्रं मागे सरकून एका झटक्यात पट्ट्यातून डोकं काढतं. नवीन जागेत सुटलं की त्याला ना घर माहीत असतं ना तुमचा आवाज, म्हणून ते थांबत नाही, सरळ पळतं. पट्टा आणि मान यांत दोन बोटं जातील एवढीच जागा ठेवा, आणि पट्ट्यावर तुमचा मोबाईल नंबर पहिल्या दिवसापासून.

पहिल्या दिवशी आंघोळ नाही, पाहुणे नाहीत, मुलीच्या मैत्रिणी नाहीत. पाणी ठेवा, थोडं खाणं ठेवा आणि बाजूला व्हा. पहिले एक-दोन दिवस ती खाणार नाही किंवा रात्रभर फेऱ्या मारेल, ते चालतं. पाणीसुद्धा पीत नसेल तर मात्र डॉक्टर. मुलीला तीनच नियम सांगा: खाताना हात लावायचा नाही, झोपलेली असताना उठवायचं नाही, मिठी मारायची नाही. तिने जवळ यायचं, आपण नाही. पहिले तीन दिवस भीतीचे, तीन आठवडे घराची वेळ कळायला, तीन महिने खरा स्वभाव दिसायला, असा ठोकताळा आहे. त्यामुळे चौथ्या दिवशी 'फारच शांत आहे, कायमची ठेवू' असा निर्णय घेऊ नका. तसंच दहाव्या दिवशी भुंकायला लागली म्हणून परतही देऊ नका. भुंकायला लागली म्हणजे घर आपलं वाटायला लागलं.

---

पशुवैद्यक_कळंबा

मावशींचं बरोबर आहे. आरोग्याचा भाग मी लिहिते, कारण फोस्टर फसण्याचं मोठं कारण इथेच असतं.

निवाऱ्यातून आलेला कोणताही प्राणी, कितीही टवटवीत दिसला तरी, चौदा दिवस घरातल्या इतर प्राण्यांपासून वेगळ्या खोलीत. भांडी वेगळी, अंथरूण वेगळं, हात धुऊन मगच बोक्याला हात लावायचा. पार्व्होची (उलट्या आणि रक्ती जुलाबांचा जीवघेणा विषाणू) लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस, कधी दोन आठवडेही जातात. डिस्टेंपर या कुत्र्यांच्या दुसऱ्या विषाणूजन्य आजाराला एक ते दोन आठवडे, कधी त्याहून जास्त. म्हणजे ज्या दिवशी तुम्ही प्राणी घरी आणता त्या दिवशी तो आजाराच्या आधीच्या दिवसांत असू शकतो. कुत्र्यांच्या पार्व्होचे सध्याचे प्रकार मांजरांनाही होऊ शकतात, तेव्हा बोक्याची तीन आजारांची एकत्रित लस आणि रेबीजची लस यंदाची आहे का ते आजच बघा. नसेल तर कुत्री आणायच्या आधी ती द्या.

पिल्लांचा विचार करणाऱ्या इतरांसाठी लसीचं वेळापत्रक: सहा ते आठ आठवड्यांना पहिली, मग दर तीन ते चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. रेबीज बारा आठवड्यांनंतर, मग डॉक्टर सांगतील तसा बूस्टर आणि दरवर्षी. एवढ्या वेळा का, याचं कारण आहे. आईच्या दुधातून आलेल्या प्रतिपिंडांमुळे सुरुवातीची लस निकामी होऊ शकते, आणि त्या कधी संपतील हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं असतं. म्हणून 'एक लस झालीय' याचा अर्थ संरक्षण मिळालंय असा नाही. पण पिल्लाला सोळा आठवडे खोलीत कोंडूनही ठेवू नका. तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात जे दिसतं-ऐकू येतं त्याचीच त्याला पुढे सवय राहते. कडेवर घेऊन रिक्षा, भोंगे, मुलं, म्हशी, सगळं दाखवा. जमिनीवर पाय नको एवढंच.

ज्या घरात पार्व्हो होऊन गेलाय तिथे वर्षभर तरी लस पूर्ण न झालेलं पिल्लू नेऊ नका. हा विषाणू फिनेलने मरत नाही आणि महिनोन् महिने टिकतो. आधी साबणाने घाण पूर्ण काढा, पाण्याने धुवा, मग साधा कपड्यांचा ब्लीच एक भाग आणि पाणी तीस भाग (एका लिटरला साधारण ३३ मिली) करून पुसा आणि दहा मिनिटं ओलं राहू द्या. घाण न काढता ब्लीच टाकला तर त्याचा जोर घाणीतच संपतो. ब्लीचमध्ये फिनेल किंवा टॉयलेटचं अ‍ॅसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. ज्या घरात मांजर आहे तिथे फिनेल तसंही नको. मांजर पाय चाटतं, आणि त्यातलं फिनॉल त्याच्या यकृताला झेपत नाही.

जंत: पिल्लांना दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी बारा आठवड्यांपर्यंत, मग सहा महिन्यांपर्यंत महिन्याला एकदा. डोस वजनावर ठरतो, वयावर नाही. स्वतः वजनकाट्यावर उभे राहा, मग पिल्लाला घेऊन उभे राहा, वजाबाकी करा. औषधानंतर शीमध्ये शेवयांसारखे जंत दिसतील, घाबरू नका, पण ती शी लगेच उचला. हे जंत मुलांना होऊ शकतात. मुलीच्या हाताला किंवा मानेला गोल खाजरा डाग दिसला तर तो गजकर्ण असू शकतो, डॉक्टरला 'घरी नवीन प्राणी आहे' असं आवर्जून सांगा.

गोचीड हा आपल्या भागातला मोठा विषय. कुत्र्याच्या अंगावरची गोचीड फुगली की खाली पडून भिंतीच्या भेगेत, खिडकीच्या चौकटीत अंडी घालते, एकेक मादी हजारांनी. त्यामुळे फक्त कुत्र्याला औषध दिलं तर महिन्याभरात गोचीड पुन्हा हजर. भेगा बुजवा, अंथरूण गरम पाण्यात धुवा, आणि कुत्र्याला वजनाप्रमाणे ब्राव्हेक्टो किंवा नेक्सगार्डसारखी गोळी डॉक्टरच्या सल्ल्याने द्या. एक कळकळीची विनंती: म्हशीच्या गोठ्यातलं गोचिडीचं औषध वापरू नका. आपल्याकडे घरोघरी जनावरं, त्यामुळे ती बाटली हाताशी असते. त्यातल्या अमिट्राझने पिल्लं दगावू शकतात. सायपरमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिन मारलेल्या कुत्र्याला मांजराने नुसतं अंग घासलं तरी मांजराला झटके येतात. तुमच्या घरात बोका आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

गोचीडतापाची लक्षणं: खाणं सोडणं, ताप, हिरड्या पांढुरक्या, पोटावर लाल ठिपके, कधी नाकातून रक्त. रक्ततपासणीत प्लेटलेट घटलेल्या दिसतात. डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकचा कोर्स सहसा २८ दिवसांचा असतो. चौथ्या दिवशी कुत्रं खायला लागतं आणि लोक गोळ्या थांबवतात, मग ताप परत येतो आणि पुढच्या वेळी तो जास्त हट्टी असतो. गोळी रिकाम्या पोटी नको, आणि वरून पाणी किंवा पातळ खाणं द्या, नाहीतर ती अन्ननलिकेत अडकून जखम करते.

निवाऱ्याला विचारा की कुत्रीची रक्ततपासणी शेवटची कधी झाली. झाली नसेल तर आणल्यापासून आठवड्याभरात करून घ्या. आणि घरातल्या तापाच्या गोळ्या प्राण्यांपासून लांब: पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

---

बोका_बावडा

मांजराचा भाग मी घेतो.

चौदा दिवस संपल्यावर लगेच समोरासमोर आणू नका. ते चौदा दिवस वासाची ओळख करून द्यायला वापरा. कुत्रीच्या अंथरुणाचा तुकडा बोक्याच्या जेवणाच्या जागेजवळ ठेवा, रोज थोडा जवळ सरकवा. त्याने वास घेऊन शांतपणे खाल्लं की बंद दाराच्या दोन बाजूंना दोघांची ताटं. मग जाळीतून किंवा दार थोडं उघडून, कुत्री पट्ट्यावर. कुत्री बोक्याकडे टक लावून अंग ताठ करते का, हे बघा. भुंकण्यापेक्षा ती स्तब्ध नजर जास्त धोक्याची. हाक मारल्यावर नजर वळवते आणि खाऊ घेते, तर पुढे जायचं. नाही वळवत, तर अंतर वाढवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. दोन आठवडे लागतात, कधी दोन महिने.

बोक्याला वर चढायला जागा हवीच. कपाटाचा माथा मोकळा करा, फळी मारा. वाळूचा ट्रे कुत्री पोचणार नाही अशा ठिकाणी हलवा. कुत्रे त्यातली शी खातात, आणि ट्रेवर जाताना भीती वाटली की बोका गादीवर शू करायला लागतो. त्याने चोवीस तास खाल्लं नाही तर वाट बघू नका. मांजराने दोन-तीन दिवस उपास केला की यकृतात चरबी साठते आणि ते दुखणं लांबतं. नर मांजर ट्रेवर बसून जोर करतंय आणि शू होत नाही असं दिसलं तर त्याच दिवशी, तेही तातडीने, दवाखाना. ताणामुळे हे होतं आणि शू पूर्ण अडली तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो.

---

राजारामपुरीकर

मावशी, डॉक्टरताई, दादा, मनापासून आभार. एक्स-रे आणि रक्ततपासणी उद्याच विचारतो. आणखी तीन गोष्टी राहिल्या. खायला काय घालायचं: घरी आठवड्यातून दोनदा मटण असतं, रस्सा-भाकरी चालेल का? दुसरं, चेअरमन म्हणतात की सोसायटीत ठराव करून कुत्रं बंद करता येतं, हे खरं का? आणि पावसाळ्यात काय वेगळं लागतं?

---

भटक्यांची_मावशी

रस्सा नको. तांबडा नको, पांढराही नको. दोन्हीत कांदा-लसूण असतो, आणि कच्चा असो वा शिजवलेला, त्याने कुत्र्या-मांजरांच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. एका वाटीने लगेच काही दिसत नाही, म्हणून लोकांना वाटतं चालतं. पण रोज थोडं थोडं दिलं की काही दिवसांनी हिरड्या पांढऱ्या पडतात. शिजवलेली हाडंही नाहीत. शिजल्यावर ती ठिसूळ होतात, टोकदार तुकडे होऊन आतडं फाडतात. नळी दिली की खूश होतं खरं, पण ऑपरेशनच्या टेबलावर तीच निघते.

मसाला घालायच्या आधी मटण किंवा चिकनचे बिनहाडाचे तुकडे बाजूला काढा, मीठ न घालता शिजवा, भातात किंवा कुस्करलेल्या भाकरीत मिसळा, थोडा दुधी किंवा गाजर. निवाऱ्यात जे खात होती तेच पहिले दोन-तीन दिवस द्या. मग आठवडाभरात पाव, अर्धा, पाऊण असं नवीन खाणं वाढवा. एकदम बदललं की जुलाब, आणि मग तो पार्व्हो की खाण्याचा बदल हे कुणालाच कळत नाही. मोठीला दिवसातून दोनदा, पिल्लांना तीन-चारदा. नुसत्या दूध-भाकरीवर कुत्रं जगतं, पण अंगाला लागत नाही. प्रथिनं हवीत. कायम घरचंच घालणार असाल तर कॅल्शियमबद्दल डॉक्टरांशी बोला, मांस-भातात ते कमी पडतं.

---

कायद्याची_वही

चेअरमनना नम्रपणे सांगा: भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमताने ठराव करूनही पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही. जिना आणि आवार स्वच्छ ठेवणं, पट्टा लावणं, शी उचलणं ही जबाबदारी तुमची. पण तुम्ही भाड्याने राहता. सोसायटी आणि घरमालक हे दोन वेगळे विषय आहेत. भाडेकरारात प्राण्यांबद्दल काय लिहिलंय ते वाचा आणि मालकांची संमती मोबाईलवर का होईना, लेखी घ्या. महापालिकेच्या हद्दीत कुत्र्याची नोंदणी करावी लागते, त्यासाठी रेबीजच्या लसीचा दाखला लागेल.

आणखी एक बाब दत्तकाचा कागद करताना लक्षात ठेवा. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार नसबंदी झालेलं रस्त्यावरचं कुत्रं सहसा पुन्हा त्याच्याच भागात सोडलं जातं. म्हणून निवाऱ्यात दत्तकासाठी दिसतात ती बहुतेक पिल्लं, जखमी किंवा अपंग प्राणी, आणि मालकांनी टाकलेली जातिवंत कुत्री. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात रस्त्यावरचं कुत्रं दत्तक घेण्यासाठी स्थानिक पालिकेकडे अर्ज करायची मुभा दिली, आणि असं कुत्रं पुन्हा रस्त्यावर जाणार नाही ही जबाबदारी दत्तक घेणाऱ्यावर टाकली. तेव्हा नाही जमलं तर निवाऱ्यालाच परत द्यायचं. परस्पर 'गल्लीत सोडलं, तिथे लोक खायला घालतात' हे चालत नाही. प्राण्याला उपाशी मरण्यासारख्या अवस्थेत टाकून देणं १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे.

---

पशुवैद्यक_कळंबा

पावसाळ्याचं मी सांगते. उंदरांच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात लेप्टोस्पायरोसिसचे जंतू येतात, आणि कुत्र्याकडून माणसालाही होतात. लेप्टोचा समावेश असलेली लस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, मग दरवर्षी. ती जूनआधी पूर्ण व्हायला हवी. फिरून आल्यावर पाय धुवा आणि बोटांच्या मधे कोरडे करा. तिथे ओल राहिली की लाल होतं, चाटून जखम होते. ज्या पायात रॉड आहे तो गारठ्यात आखडतो. सकाळी फिरायला नेण्याआधी पाच मिनिटं घरातच सावकाश चालवा.

२०१९ आणि २०२१ च्या पुरात सुतारवाडा, दुधाळी, शाहूपुरीचा काही भाग पाण्याखाली गेला. अशा वेळी निवाऱ्यांवर एकदम ताण येतो आणि थोड्या दिवसांच्या फोस्टर घरांची खरी गरज तेव्हाच असते. राजारामपुरीचा बराचसा भाग उंचावर आहे, तेव्हा जुलै-ऑगस्टसाठी तुमचं नाव देऊन ठेवा. जे सखल भागात राहतात त्यांनी राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीला पोचलं की प्राणी हलवावा, ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट बघू नये. लसीच्या कार्डाचा फोटो, सात दिवसांची औषधं, पट्टा आणि मांजरासाठी झाकणाची टोपली एका पिशवीत तयार ठेवा. साखळीला बांधलेलं कुत्रं सोडून कुणीही घराबाहेर पडू नये.

कुणाला दात किंवा नख लागलं तर, पिल्लाचं असलं तरी, वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, चटणी काही लावू नका. त्याच दिवशी सीपीआर या सरकारी रुग्णालयात जा. रेबीजची लस त्वचेत दिली तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असते. रक्त आलं असेल तर जखमेत द्यायचं सीरमही लागतं, ते स्वतःहून विचारा. प्राण्याला लस झालीय म्हणून माणसाची लस टाळू नका, तो निर्णय डॉक्टरांचा.

---

गंगावेस_कट्टा

मधेच विचारतो, माफ करा. गोडाऊनमध्ये मांजराची चार पिल्लं सापडलीत, डोळे अजून मिटलेले. निवारा म्हणतोय की एवढी लहान घेत नाही, फोस्टर बघा. इथल्या दूध कट्ट्यावरचं ताजं म्हशीचं दूध पाणी घालून चालेल का?

---

पशुवैद्यक_कळंबा

आधी पिल्लांना हात न लावता दोन ते चार तास लांबून बघा. मांजरी जागा बदलताना पिल्लं एकेक करून नेते आणि मधे खायलाही जाते. ती आली तर त्यांच्यासाठी तिच्याइतकं चांगलं काही नाही. पिल्लं गार पडली असतील किंवा कुत्र्यांचा धोका असेल तर मात्र लगेच उचला. निवारा नाही म्हणतो ते बरोबर आहे, इतक्या लहान पिल्लांना तिथे आजार पटकन लागतो.

म्हशीचं दूध नको, पाणी घालूनही नको. त्यातली साखर मांजराच्या पिल्लाला पचत नाही, जुलाब होतात, आणि शंभर-दीडशे ग्रॅमचं पिल्लू जुलाबाने एका दिवसात सुकतं. पाणी घातलं की प्रथिनं कमी होतात, दुखणं तेच राहतं. पाळीव प्राण्यांच्या दुकानात मांजराच्या पिल्लांची दूध पावडर मिळते, डब्यावरच्या प्रमाणात कोमट पाण्यात करा.

त्याआधी ऊब. पिल्लू हाताला गार लागत असेल तर काहीही पाजू नका. गार अंगात आतडं चालत नाही आणि दूध फुप्फुसात जायचा धोका असतो. गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवा, म्हणजे जास्त झालं तर पिल्लाला सरकता येईल. पहिल्या आठवड्यात खोक्यात २९ ते ३२ अंश सेल्सिअस हवं. पिल्लू गरम झालं की पोटावर पालथं ठेवून पाजा, बाळासारखं उताणं कधीच नाही. एका वेळी शंभर ग्रॅम वजनाला साधारण ४ मिली, दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. नाकातून दूध आलं तर थांबा, डोकं खाली करून पुसा. सिरिंज असेल तर दांडा दाबून धार सोडू नका, पिल्लाला ओढू द्या.

प्रत्येक वेळी पाजल्यानंतर ओल्या कोमट कापसाने शू-शीच्या जागी हळुवार पुसत राहा, ते होईपर्यंत. तीन आठवड्यांपर्यंत त्यांना स्वतःहून होत नाही. स्वयंपाकघरातल्या ग्रॅमच्या काट्यावर रोज एकाच वेळी वजन करून लिहा. दिवसाला साधारण दहा ग्रॅम वाढ हवी. एक दिवस वाढलं नाही तर लक्ष ठेवा, कमी झालं तर त्याच दिवशी दाखवा.

चौघांना ओळखायला नखांवर वेगवेगळ्या रंगाचं नेलपॉलिश लावू नका, चाटतात. वेगवेगळ्या रंगाचा लोकरीचा धागा मानेला सैल बांधायची पद्धत आहे, पण तो रोज तपासावा लागतो, पिल्लं झपाट्याने वाढतात. त्यापेक्षा अंगावरचे ठिपके वहीत लिहून ठेवा. आत्ता पिल्लं गार आहेत की गरम, आणि अंदाजे वजन किती, ते इथे लिहा. त्यावरून पहिला डोस किती ते सांगते.

---

गंगावेस_कट्टा

गार नाहीत, एकमेकांना बिलगून झोपलीत. मांजरी दिसलेली नाही. शटर सकाळपासून बंद होतं, आत्ताच उघडलं.

---

पशुवैद्यक_कळंबा

मग ती बाहेर अडकली असणार. शटर फूटभर उघडं ठेवा, माणसं तिथून बाजूला करा, आत थोडं मासळीचं खाणं ठेवा आणि अंधार पडेपर्यंत लांबून बघा. दर तासाला पिल्लांना फक्त हात लावून ऊब तपासा. गार वाटायला लागली तर वर लिहिल्याप्रमाणे बाटली ठेवा आणि त्यांना घेऊन या. मांजरी आली तर पिल्लं आठ आठवड्यांची होईपर्यंत तिथेच राहू द्या. मात्र तिची नसबंदी आत्ताच निवाऱ्याकडे नोंदवून ठेवा: पिल्लं अंगावर पीत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते आणि ६३ ते ६५ दिवसांत पुढचं वेत होतं.